पेशी बघायला निघालात? रुमाल जवळ असू द्या

‘सुबक व नामनिर्देशित आकृती काढा.’ शाळेत हा प्रश्न तुम्ही सोडवला आहे. मोठा लंबगोल, मधे केंद्रक, चार-पाच तंतुकणिका, केंद्रकाला खेटून आंतर्द्रव्यजालिका, जरा पलीकडे गॉल्गी संकुल, मग पट्टीनं बाण आणि बाणांपुढे नावं. पैकीच्या पैकी गुण. त्या आकृतीत एकच गोष्ट राहून गेली होती: वास. आज आपण जिथे जिथे उतरणार आहोत तिथे तो भरपूर आहे. दगडी कोळशाचा धूर, आठवडे-आठवडे मुरलेलं पाणी, चांदीच्या क्षारानं काळवंडलेली बोटं, ताज्या कलेजीचा लगदा. पेशीतलं एकेक अंगक असल्याच जागांतून उजेडात आलं आहे.

निघण्याआधी दोन सूचना. एक, प्रत्येक मुक्कामी माणसं पेशीला काय करतात याकडे नीट बघा. कुणी कापतं, कुणी भिजवतं, कुणी रंगवतं, कुणी वाटून काढतं. जेवढं करावं तेवढंच ती दाखवते. दोन, पुढचं सगळं तुम्हाला माहीत आहे म्हणून कुणाला शहाणपण शिकवायला जाऊ नका. तोंड मिटून बघायचं. चला.

पाऊल जपून टाका. हा लंडनचा बिशप्सगेट रस्ता, एप्रिल १६६३. पायाखाली आहे त्याला नुसता चिखल म्हणणं म्हणजे त्याचं कौतुक झालं. घोड्यांची लीद, भाजीचा कचरा आणि रात्रीची भांडी वरच्या खिडक्यांतून रिकामी झाल्यावर जे काही साचतं ते, असं सगळं एकजीव झालेलं आहे. भिंतीच्या कडेकडेनं चाला. डोळे चुरचुरतायत ना? घरोघरच्या चुली, साबण उकळणारे, कापड रंगवणारे, चुना भाजणारे, सगळे दगडी कोळसा जाळतात. सकाळी पांढरीशुभ्र घातलेली कॉलर दुपारपर्यंत करडी होते. गाडीवाले ओरडतायत, चाकांचे लोखंडी पट्टे दगडांवर खडखडतायत, एक बाई टोपलीतले मासे घेऊन नेमकी तुमच्या बरगडीत कोपर खुपसून पुढे जाते. एक पेनी खिशात असेल तर कॉफीच्या दुकानात टेकता येईल. काळी, कडू, करपट वासाची कॉफी. दूध मागू नका, लोक वळून बघतील.

ग्रेशम कॉलेजच्या अंगणात शिरा. रॉयल सोसायटीची सभा आहे. दालनात शिरल्याबरोबर बाहेरचा वास थांबतो आणि माणसांचा सुरू होतो. जाड लोकरी कोट, तंबाखू, आणि कपडे बदलून भागत असताना आंघोळ कशाला, असं मानणारी मंडळी. या गर्दीतून वाट काढत एक तरुण पुढे येतो. वय सत्तावीस, पाठीत बराच वाकलेला, डोळे मोठे, करडे, जरा बाहेर आलेले. हा रॉबर्ट हूक. सभासदांनी त्याला सांगून ठेवलं आहे की दर सभेला सूक्ष्मदर्शकाखालचं एक तरी नवं काहीतरी दाखवायचं. आज त्यानं आणलंय बाटलीला लावतात तसलं बूच.

आता त्याच्या हातांकडे बघा. पिसाची लेखणी तासायचा साधा चाकू आहे, पण धार लावून वस्तऱ्यासारखा केलेला. पहिला काप तो टाकून देतो. तो फक्त पृष्ठभाग गुळगुळीत करण्यापुरता. मग त्याच गुळगुळीत जागेवरून पातं जवळजवळ आडवं धरून, श्वास रोखून, तो दुसरा काप काढतो. इतका पातळ, की फुंकरीनं उडून जाईल. बूच पांढुरकं, म्हणून खाली काळी पट्टी. एका बाजूनं सपाट, दुसऱ्या बाजूनं फुगीर अशा भिंगातून उजेड त्यावर पाडलेला. आणि वर सूक्ष्मदर्शकाची नळी.

डोळा लावा. आधी तुमच्याच पापण्या दिसतील, मग एक धूसर गोल. नळी जरा खालीवर करा. आलं? बारीक बारीक, भिंतीला भिंत लागलेले कप्पे. हूकला मधाचं पोळं आठवलं, आणि तसंच त्यानं लिहूनही ठेवलं. तो मोजायला बसतो. इंचाच्या अठराव्या भागात साधारण ६० कप्पे, म्हणजे इंचभर लांबीत १,०८०. गुणाकार करत तो घन इंचापर्यंत जातो: १,२५,९७,१२,००० कप्पे. हा आकडा ऐकून तुमच्या शेजारचे गृहस्थ खोकतात. आकड्यानं की धुरानं, सांगता येत नाही.

मोजून झाल्यावर तो त्याला पडलेल्या प्रश्नाकडे वळतो. बूच हलकं का, पाण्यावर तरंगतं का, दाबून सोडलं की पुन्हा फुगतं का? कारण या प्रत्येक बंद कप्प्यात हवा अडकली आहे. आतली रचना कळली की बाहेरचा स्वभाव कळतो, ही शिकवण त्या एका कापात पुरेपूर आहे. पण कप्पे रिकामे आहेत. बूच म्हणजे झाडाची मेलेली साल. आतलं सगळं कधीच वाळून गेलेलं, उरली फक्त पेशीभित्तिका. हिरव्या वनस्पतींचेही काप हूक काढतो, तिथे कप्पे रसानं भरलेले दिसतात, तेही तो नोंदवतो. त्या रसात आणखी काही असेल हे दाखवण्याइतकी त्याची भिंगं चांगली नाहीत. तुमच्या जिभेवर ‘केंद्रक’ आलंय. गिळा.

त्याची इतर कामंही बघण्यासारखी आहेत. मुंगी चित्रासाठी स्थिर राहत नाही म्हणून तो तिला ब्रँडीत बुडवतो आणि शुद्ध हरपलेल्या मुंगीचं चित्र सावकाश काढतो. दोन वर्षांनी त्याचं ‘मायक्रोग्राफिया’ छापून येईल, तेव्हा नौदलाचं दफ्तर सांभाळणारे पेपिससाहेब रात्री दोनपर्यंत ते वाचत बसतील. त्या पुस्तकातलं उवेचं चित्र घडी उलगडून बघायचं असतं. सकाळपासून तुमच्या कॉलरमध्ये जे वळवळतंय त्याचं ते मोठं केलेलं रूप समजा. पुस्तक घ्यायला थांबू मात्र नका. १६६५ च्या उन्हाळ्यात लंडनमध्ये प्लेग आहे.

समुद्र ओलांडा आणि डेल्फ्टमध्ये उतरा. १६७६ चं वर्ष, नेदरलँड्स. इथला वास वेगळा: कालव्याचं संथ पाणी, मातीची भांडी भाजणाऱ्या भट्ट्यांचा धूर, खारवलेले मासे. दगडी पूल ओलांडताना लाकडी तळव्यांचे टप्-टप् आवाज. ज्यांच्या घरी आपण निघालोय ते आंतोनी व्हान लेव्हनहूक कापडाचे व्यापारी. विद्यापीठाचं तोंड न पाहिलेले, डचखेरीज दुसरी भाषा न येणारे, आणि आपली सर्वांत चांगली भिंगं पाहुण्यांना न दाखवणारे. म्हणून आवाज न करता मागून बघा.

टेबलावर एका भांड्यात मिरी भिजत पडली आहे. पूर्वेकडून कंपनीच्या जहाजांनी आणलेली काळी मिरी. त्यांना शोधायचंय ती तिखट का लागते. त्यांची अटकळ अशी की मिरीच्या कणांना बारीक टोकं असावीत आणि ती जिभेला टोचत असावीत. तिखटाचा असा पाठलाग करणाऱ्या माणसाबद्दल आपल्याला आदर वाटायलाच हवा. आठवड्यांमागून आठवडे गेले, पाणी मुरलं, त्याला जरा आंबूस, जरा मसालेदार वास आला.

त्यांचं यंत्र हातात मावणारं आहे. पितळेच्या दोन पट्ट्या, त्यांच्यात टाचणीच्या डोक्याएवढं एकच भिंग, मागे एक टोक आणि ते सरकवायला स्क्रू. ते डोळ्याला इतकं जवळ धरावं लागतं की पापण्या पितळेला घासतात. खिडकीच्या उजेडाकडे तोंड करा. मान अवघडेल, डोळ्यातून पाणी येईल. आणि मग ते दिसेल: एका थेंबात असंख्य जीव. काही सरळ सुसाट जाणारे, काही स्वतःभोवती गिरक्या घेणारे, काही इतके लहान की हलले म्हणूनच कळले.

लंडनच्या बुचात जे नव्हतं ते इथे आहे: हालचाल. एकच पेशी, आणि तिचं खाणं, पोहणं, दुभंगणं सगळं त्याच टीचभर अंगात. लेव्हनहूक त्यांना लहानगे प्राणी म्हणतात आणि लंडनला पत्र लिहितात. लंडनवाल्यांचा विश्वास बसत नाही. मग गावातल्या आठ प्रतिष्ठित मंडळींना घरी बोलावून, थेंब दाखवून, त्यांच्या साक्षी लिहून घेतल्या जातात. काही वर्षांनी ते स्वतःच्या दातांवरचं किटणही बघतील, आणि जन्मात दात न घासलेल्या एका म्हाताऱ्याच्या तोंडातलंसुद्धा. त्या वेळी यायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

पुढे दीडशे वर्षं एका ढांगेत ओलांडायची आहेत. मधे दोन ठिकाणी नुसतं डोकवा. १८३१, लंडनचा सोहो भाग. रॉबर्ट ब्राउन ऑर्किडच्या पानाची साल सोलून बघतायत आणि प्रत्येक पेशीत एक गोल, गडद ठिपका आहे असं सांगतायत. ते केंद्रक. ते तिथे का आहे यावर ते विशेष बोलत नाहीत. मग बर्लिन, १८३० च्या दशकाची अखेर. जेवणाच्या टेबलावर वनस्पतींचे अभ्यासक श्लायडेन केंद्रकाचं वर्णन करतायत आणि समोर बसलेले थिओडोर श्वान एकदम थांबतात. असाच ठिपका त्यांनी बेडकाच्या पिलांच्या पाठीतल्या ऊतीत पाहिलेला आहे. दोघं उठून तडक शरीररचनेच्या दालनात जातात. झाड आणि प्राणी एकाच घडणीचे आहेत ही गोष्ट अशी जेवणावर ठरली.

आता उत्रेख्त, १८८० चं दशक. बाहेर पाऊस भुरभुरतोय, आतून चेलोचा खोल सूर येतोय. वाजवणारे टेओडोर एंगेलमान, शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक. पत्नी एमा नावाजलेल्या पियानोवादक; संगीतकार ब्राम्स या घरचा स्नेही, त्यानं तंतुवाद्यांची एक चौकडी एंगेलमानना अर्पण केली आहे. वादन संपलं की प्रयोगशाळेत जाऊ. तिथे मात्र सुरांचा नाही, सडक्या पाण्याचा दरवळ आहे. त्या पाण्यातले जिवाणू एंगेलमानना हवे आहेत, कारण ते प्राणवायूकडे धाव घेतात.

खोलीत अंधार करतात. काचपट्टीवर स्पायरोगायराचा धागा: डबक्यावर तरंगणारं, हाताला बुळबुळीत लागणारं शेवाळ. प्रत्येक पेशीत हरितलवकाचा हिरवा पट्टा स्प्रिंगसारखा गुंडाळलेला. भोवतीच्या पाण्यात जिवाणू स्वस्थ पडलेत. आता उजेडाची बारीक तिरीप सोडतात, आधी हिरव्या पट्ट्याला चुकवून, रंगहीन पेशीद्रव्यावर. काही होत नाही. तिरीप केसभर सरकवतात, पट्ट्यावर येते. बघा, बघा! चहूकडून जिवाणू धावत सुटले, एकमेकांना ढकलत, नेमके त्या बिंदूपाशी दाटी करून. प्राणवायू तिथेच निघतोय. मग दुसऱ्या एका शेवाळावर लोलकातून फाकलेला प्रकाश टाकतात, तर गर्दी लाल आणि निळ्या पट्ट्यात, हिरव्यात तुरळक. पेशीच्या एका नेमक्या भागाचं नेमकं काम, तेही जिवंतपणी, कुणी बोट ठेवून दाखवलं असेल तर ते या जिवाणूंनी.

इटलीला चला, पण घड्याळ जरा मागे घेऊन. १८७३, मिलानजवळचं आब्बिआतेग्रासो. भोवती भाताची खाचरं, कालवा, दमट हवा. कोकणातून आलेल्याला घरच्यासारखं वाटेल. इमारत मात्र असाध्य रोग्यांच्या इस्पितळाची. लांबलचक दालनं, कण्हण्याचे आवाज. इथल्या प्रमुख डॉक्टरला, कामिल्लो गॉल्जीला, संशोधनासाठी काहीच दिलेलं नाही. म्हणून त्यानं राहत्या जागेतलं स्वयंपाकघर ताब्यात घेतलंय. चुलीच्या जागी बाटल्या, फळीवर मेंदूचे तुकडे, मेणबत्ती. दिवसा रोगी, रात्री हे.

मेंदूची ऊती म्हणजे मऊ, राखाडी, एकात एक गुंतलेला गोळा. नुसतं बघून काही सुटं होत नाही. गॉल्जी तुकडे पोटॅशियम डायक्रोमेटच्या नारिंगी द्रावणात कडक होऊ देतो, दिवस-दिवस. मग चांदीच्या नायट्रेटमध्ये. काप काढतो. मेणबत्ती जवळ सरकवा, मेण सांडू नका. पिवळ्या पार्श्वभूमीवर एकच चेतापेशी, शाईनं काढावी तशी काळीभोर, शेवटच्या फाट्यापर्यंत. शेकड्यांतल्या मोजक्याच पेशी काळ्या होतात, म्हणूनच त्या दिसतात. सगळ्या झाल्या असत्या तर नुसता डाग पडला असता. तुम्ही त्या बाटलीला हात लावलात ना? बोटं काळी पडतील आणि आठवडाभर निघणार नाहीत. गॉल्जीचीही तशीच आहेत.

पंचवीस वर्षांनी, १८९८ मध्ये, तो पाव्हिया विद्यापीठात आहे, घुबडाच्या लहान मेंदूवर तीच युक्ती जरा फिरवून करतोय. या खेपेला काळं झालंय ते पेशीच्या आत: केंद्रकाभोवती वेटोळ्यांची एक जाळी, म्हणजे तुमच्या आकृतीतलं गॉल्गी संकुल. खोलीतले लोक माना डोलावतात, पण बाहेर निघताना कुजबुज ऐका. जाळी खरंच आहे, की चांदीनं घडवली? रंगानं दाखवलेलं रंगाचंच असू शकतं, ही शंका रास्त आहे. ती पन्नासेक वर्षं टिकते. गॉल्जीला नोबेल मिळतं ते चेतापेशींसाठी. ही जाळी भासमान आहे असं म्हणणारे तो गेल्यावरही म्हणत राहतात. तिचं काम काय, हे तर कुणाच्या ध्यानीमनी नाही. तंतुकणिकांचीही तीच गत. त्याही याच सुमारास रंगवून दाखवल्या गेल्या आहेत, नाव मिळालं आहे, काम मिळालेलं नाही.

काम कळायचं तर पेशी फोडावी लागणार. त्यासाठी न्यूयॉर्क.

१९४० चं दशक, यॉर्क ॲव्हेन्यू, ईस्ट रिव्हरच्या काठावर रॉकफेलर संशोधन संस्था. नदीवर बोटींचे भोंगे, रस्त्यावर ट्रक. वारा दक्षिणेकडून असेल तर रुमाल काढा. मैलभरावर शहराचे कत्तलखाने आहेत, जिथे पुढे संयुक्त राष्ट्रांची इमारत उभी राहील. आत मात्र थंडी. थंड खोलीत, बर्फात भांडी रोवून, कलेजीचं वाटण चाललंय. आल्बेर क्लोद हा बेल्जियन माणूस कोंबडीच्या गाठींमधला विषाणू शोधायला निघाला होता. पेशी वाटून, नळ्यांत भरून, यंत्रात गरागरा फिरवून त्यानं तळाशी बसलेला गाळ काढला, आणि पाहिलं तर तसेच कण धडधाकट पेशींतही. विषाणू बाजूला राहिला, गाळ हाच अभ्यासाचा विषय झाला.

नळी फिरून थांबली की हातात घ्या. आधी कमी वेगात केंद्रकं बसतात, मग वेग वाढवला की तंतुकणिका, मग आणखी वाढवल्यावर अगदी बारीक कण. प्रत्येक थर वेगळा काढून त्याला विचारता येतं: तू काय करतोस? अडचण एवढीच की साध्या पाण्यात किंवा मिठाच्या द्रावणात तंतुकणिका फुगतात, चिकटतात, बिघडतात. १९४८ मध्ये इथल्याच तिघांनी, त्यात जॉर्ज पालाद हा रुमानियाहून आलेला तरुण डॉक्टर होता, त्यावर उपाय काढला: साखर. लिटरला सुमारे ३०० ग्रॅम. कलेजी पाकात वाटायची! चव घेऊ नका. पण त्या पाकात तंतुकणिका लांबट, सडसडीत, जिवंत पेशीत असतात तशा राहिल्या. लगेच शिकागोत केनेडी आणि लेनिंजर यांनी त्या शुद्ध थराला मेदाम्लं खाऊ घातली आणि मोजलं. प्राणवायू वापरून अन्नातली ऊर्जा मोकळी करणं आणि ती पेशीला खर्च करता येईल अशा रेणूंत भरणं, दोन्ही कामं तिथेच चालतात. तुम्ही आत्ता जो श्वास घेतलात, तोही तिथेच खर्ची पडला.

जरा मागे, १९४५ च्या सुमाराला या. शहरातल्याच एका छपाईची शाई बनवणाऱ्या कंपनीत, इंटरकेमिकलमध्ये, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आहे. तिथे नेण्यासाठी रॉकफेलरमधलाच कीथ पोर्टर तयारी करतोय. कोंबडीच्या गर्भाची पेशी त्यानं पातळ प्लॅस्टिकच्या पापुद्र्यावर वाढवली आहे. चपटी पसरते म्हणून ती निवडली. आता ऑस्मियमची वाफ द्यायची. मागे सरा! नाकात झिणझिण्या आणणारा उग्र वास आहे आणि डोळ्यांना फार घातक. पेशी तत्क्षणी मरते, पण जिथल्या तिथे थिजून. मग पापुद्रा चिमट्यानं उचलून तारेच्या इवल्याशा जाळीवर. इथे ज्याचा हात थरथरेल त्याचा दिवस वाया.

यंत्राच्या खोलीत काळोख, पंपांची घरघर. पडद्यावर हिरवट उजेड उमटतो. तंतुकणिका गडद धाग्यांसारख्या. आणि पेशीद्रव्यात पसरलेलं, आजवर कुठल्याही भिंगात न दिसलेलं नाजूक जाळं. एका फोटोत मावत नाही म्हणून अनेक फोटो शेजारी शेजारी चिकटवून अख्खी पेशी जोडली जाते. त्या जाळ्याला पुढे पोर्टरच नाव देईल. तुमच्या वहीतली आंतर्द्रव्यजालिका ती हीच. तिच्यावर बसलेले ठिपके पालाद १९५५ मध्ये दाखवेल, ते रायबोझोम.

इथेच १९६० च्या दशकापर्यंत रेंगाळायची मुभा देतो, कारण गॉल्जीची उधारी फिटायची आहे. पालाद आणि जेम्स जेमिसन गिनीपिगच्या स्वादुपिंडाच्या कापांना किरणोत्सारी ल्युसिन, म्हणजे प्रथिनाचा एक घटक, पाजतायत, फक्त तीन मिनिटं. मग साधं ल्युसिन. मग ठरावीक वेळांनी काप थिजवून बघायचं की खूण कुठवर आली. तीन मिनिटांनी ती रायबोझोमनं खरबरीत झालेल्या जालिकेवर. पुढच्या काही मिनिटांत गॉल्गी संकुलाच्या कडेला. मग फुगत जाणाऱ्या पिशव्यांत. दोनेक तासांनी पेशीच्या टोकाशी, बाहेर पडण्याच्या तयारीतल्या कणांत. प्रथिन घडतं कुठे, जातं कुठून, भरलं कुठे जातं, सगळा रस्ता उलगडला. चांदीनं ज्याचा संशय घ्यायला लावला होता ते अंगक या रस्त्यावर मधोमध बसलेलं निघालं.

शेवटचा मुक्काम बेल्जियममधलं लूव्हेन, १९४९. गावावर बिअरच्या कारखान्यातून येणाऱ्या भाजलेल्या बार्लीचा गोडसर वास तरंगतोय, चर्चच्या घंटा वाजतायत, फुटपाथवर एकाच वाक्यात फ्रेंच आणि फ्लेमिश. क्रिस्तियाँ द द्यूव्हच्या प्रयोगशाळेत उंदरांची यकृतं वाटली जातायत. त्याला खरं तर इन्सुलिनचं कोडं सोडवायचंय. त्यासाठी कुठलं विकर कुठल्या थरात आहे हे तो तपासतोय, आणि पडताळणीपुरतं दुसरं एक विकर, आम्ल फॉस्फटेज, मोजतोय.

आणि आकडा चुकतोय. मिक्सरमध्ये जोरात घुसळलं होतं तेव्हा हे विकर भरपूर होतं. आता काचेच्या नळीत दट्ट्यानं हळुवार वाटलंय, तर अपेक्षेच्या जेमतेम दहावा हिस्सा. चेहरे बघा सगळ्यांचे. द्रावण चुकलं असेल, मोजण्यात गफलत असेल. तसं धरून नळ्या फेकून देता आल्या असत्या. त्या फ्रिजमध्ये ठेवल्या. पाच दिवसांनी काढून पुन्हा मोजल्या, तर विकर पूर्ण हजर!

वाढलं कुठून? एकही नवा रेणू तयार झालेला नाही. ते आधीपासून तिथेच होतं, पण पातळ पटलाच्या पिशवीत कोंडलेलं. बाहेर ठेवलेल्या खाद्याशी त्याची गाठच पडत नव्हती. मिक्सरनं पिशव्या फाडल्या होत्या, दट्ट्यानं त्या शाबूत राहिल्या, आणि पाच दिवसांच्या थंडीत हळूहळू विरल्या. या पिशव्यांना १९५५ मध्ये नाव मिळालं. आपण शाळेत लयकारिका म्हणून शिकलो. त्यांत प्रथिनं, मेद, साखरा, सगळं तोडणारी विकरं आहेत. झिजलेल्या तंतुकणिका, आत ओढलेले जिवाणू, सगळ्यांचा निकाल तिथे लागतो. जे पेशीलाच खाऊन टाकेल ते पेशीतच ठेवायचं, तर मधे पटल हवं. आतली बहुतेक अंगकं अशीच पटलांनी आखलेली आहेत. निरनिराळी कामं एकमेकांच्या आड येऊ नयेत म्हणून.

आता आणखी चौदा वर्षं इथेच काढा. १९६३ मध्ये द द्यूव्हचा सहकारी आंरी-जेरी एर्स एका आजाराकडे वळतो. पॉम्पे आजार: तान्ह्या बाळांचं हृदय आणि स्नायू साखरेच्या साठ्यानं भरत जातात, बाळ दुबळं होतं, बहुतेकदा वर्ष-दोन वर्षांत दगावतं. साखर मोडणारी नेहमीची विकरं सगळी जागेवर आहेत, तरी साठा वाढतो का? एर्स दाखवतो की लयकारिकेतलं एक विकर या बाळांत नाही. पिशवीत गेलेली साखर तिथेच अडकून पडते. हे कळल्यावर उपाय प्रत्यक्षात यायला बराच काळ गेला, पण २००६ पासून ते विकर औषध म्हणून मिळतं. दर दोन आठवड्यांनी ते शिरेतून देतात, पेशी ते आत घेते आणि लयकारिकेत पोचवते. लूव्हेनच्या त्या फ्रिजातल्या नळ्या पहिल्याच दिवशी बेसिनमध्ये ओतल्या गेल्या असत्या, तर ते कुठे पोचवायचं हेच कुणाला ठाऊक नसतं.